लालीची अंडी

आत्याच्या डाव्या तळहातावर अंडं होतं.

अजून पुरतं उजाडलं नव्हतं. खुराड्याची फळी अर्धी सरकवलेली होती आणि आत्या तिच्यापुढं उकिडवी बसली होती. आई मागच्या दारात उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिनं सावकाश खाली ठेवला. मी आईच्या मागं, झोपेतून उठून आलेली.

"वन्सं," आई म्हणाली, "काय चाललंय?"

आत्यानं मान वळवली. आधी आईकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं.

"झाडत होते."

"झाडू कुठंय?"

झाडू तिकडं लांब, भिंतीला टेकवलेला होता.

"म्हणजे मला शंका होती तेच खरं," आई म्हणाली. "नवरात्रापासून मी डोकं धरून बसलेय. एक दिवस अंडं असतं, दोन दिवस नसतं. कोंबड्या कण्या तर पसापसा खातात. मी म्हटलं मुंगूस येतंय का साप येतोय. घरातच मुंगूस आहे हे कसं सुचावं?"

"महानंदा, हळू बोल."

"का हळू? तुम्हाला अंडं नको होतं, मान्य. पण पोराच्या तोंडातलं औषध काढून फेकून द्यायचं? कुठं टाकत होता? खतात?"

आत्याची नजर आमच्या दोघींच्या मागं गेली होती. मी वळून पाहिलं. बसू दारात उभा होता. कानाला लोकरीची टोपी, अंगात अण्णांचा जुना स्वेटर गुडघ्यांपर्यंत आलेला.

"ते लालीचं अंडं आहे," बसू म्हणाला. "माझं."

---

बसू माझा धाकटा भाऊ. तेव्हा सात वर्षांचा होता, मी अकरा. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि आम्ही धरणाच्या वसाहतीत राहत होतो. सिमेंटच्या पत्र्यांची बैठी घरं, प्रत्येक घरामागं तारेचं कुंपण घातलेलं परसू, आणि त्यापलीकडं पाट. उन्हाळ्याच्या तोंडाला बसूला रोज संध्याकाळी ताप येऊ लागला. गळ्याशी गाठी आल्या, पोर काटकीसारखं झालं. सोलापूरच्या डॉक्टरांनी प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणजे लहान मुलांतला क्षय, सांगितला. सुया लिहून दिल्या, कडू औषध दिलं आणि वर म्हणाले, रोज एक अंडं द्या.

आमचं घर लिंगायतांचं. अंडं हा शब्दसुद्धा आमच्यात हळू आवाजात उच्चारायचा. त्यातून घरात निलव्वा आत्या. ती अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी आली. अण्णांना तिनं वाढवलं, पुढं आम्हा दोघांना. रोज पहाटे अंघोळ करून ती डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसायची. तेवढा वेळ घरात कुणी भांडंही वाजवत नसे.

"सुया घाला, औषध घाला," ती अण्णांना म्हणाली होती. "ते नको. आपल्या आईबापानं पाहिलं नाही असलं काही."

अण्णा गप्प. अण्णा बहुतेक वेळा गप्पच असत. बोलली ती आई.

"वन्सं, मी डॉक्टरांना विचारून आलेय. कोंबडा नसेल तर अंड्यात जीव नसतो. दूध असतं तसंच ते. दोन कोंबड्या ठेवते. कोंबडा ठेवणार नाही. मागं परसात वेगळी चूल, वेगळं पातेलं. उंबऱ्याच्या आत आणणार नाही."

"आणि उद्या कुठनंतरी दुसरं आणलंस तर? कोंबडा असलेल्यांकडचं?"

तशी आई देव्हाऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. तिच्या अंगात तेव्हा काय संचारलं होतं कोण जाणे. "जीव असलेलं अंडं मी या घरात आणणार नाही. आणलं तर माझ्या बसूचं..."

आत्यानं झडप घालून तिचं तोंड दाबलं. "अगं, पोराचं नाव घेऊ नकोस! आण कोंबड्या. दोन आण, चार आण. पण पोराचं नाव घेऊ नकोस."

अशा कोंबड्या आल्या. एक लाल, एक कबरी. रिकाम्या खोक्याचं खुराडं झालं, आत फुटक्या टोपलीत भुसा. पण पहिलं अंडं उकडून पुढं ठेवलं तर बसूनं ओकारी काढली. दुसऱ्या दिवशीही तेच. नाक दाबलं, गूळ दिला, अण्णांनी एक थोबाडीतही दिली. शेवटी आईनं त्याला परसात नेलं, लाल कोंबडीपुढं बसवलं आणि म्हणाली, "हिचं नाव काय ठेवायचं?"

"लाली."

"ही लाली रोज तुझ्यासाठी एक देते. दुसऱ्या कुणासाठी नाही. तू नाही खाल्लंस तर तिला वाईट वाटतं."

बसूनं लालीकडं बराच वेळ पाहिलं. लालीनंही मान वाकडी करून त्याच्याकडं पाहिलं. मग त्यानं अंडं खाल्लं, डोळे मिटून, चार घासांत. त्या दिवसापासून तो खात गेला. कबरीचं असलं तरी आई लालीचंच म्हणायची. गौरी-गणपतीपर्यंत त्याच्या गालांवर थोडं मांस दिसू लागलं. खाण्याआधी विचारायचा मात्र रोज, "लालीचंच ना?"

---

"लिंगाला हात लावून सांगा," आई म्हणाली. "मी हे अंडं घ्यायला आले नव्हते, एवढंच म्हणा. मी पाया पडते तुमच्या."

आत्या उठून उभी राहिली. अंडं अजून हातातच.

"अंड्यासाठी लिंगाला हात लावू?"

"का नाही? खोटं नसेल तर काय बिघडतं?"

आत्याचे ओठ हलले. मला आजही वाटतं की त्या क्षणी ती बोलणार होती. पण तिची नजर पुन्हा बसूकडं गेली. बसू दाराची कडी घट्ट धरून उभा होता.

"नाही लावत," ती म्हणाली. "तुला वाटतं तसं समज."

"आत्या," बसू म्हणाला, "तू माझी अंडी चोरतेस?"

आत्या खाली वाकली. टोपलीतल्या भुशावर तिनं ते अंडं ठेवलं, पुन्हा एकदा हातानं नीट बसवलं आणि फळी लावून घेतली. "हे घे. हे तुझंच आहे," ती म्हणाली. "ऊन झालं की खा."

ती आत गेली. अंघोळीचं पाणी ओतल्याचा आवाज आला. मग नेहमीसारखी शांतता. पण त्या दिवशी आईनं मुद्दाम भांडी घासायला घेतली.

दुपारी आत्यानं बोचकं बांधलं. मी तिच्याभोवती घोटाळत होते.

"कुठं चाललीस?"

"गावाकडं. सासरच्या गावी मठ आहे ना, तिथं. स्वामींनी मागंच बोलावलं होतं, झाडलोटीला कुणी नाही म्हणून."

"दिवाळीला येशील?"

"बघू." तिनं माझ्या केसांतून हात फिरवला. "वेण्या घट्ट घालत जा. आईला उरक नसतो सकाळचा."

अण्णा संध्याकाळी आले तेव्हा ती ओसरीवर बोचकं घेऊन बसलेली होती. आईनं सगळं सांगितलं. अण्णांनी आत्याकडं पाहिलं. "अक्का, खरं का?"

"शिवा, मला एसटीपर्यंत सोड."

अण्णांनी आणखी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सायकल काढली, बोचकं मागं बांधलं. आत्या सायकलीवर बसत नसे. दोघं चालत गेली. बसू खिडकीतून पाहत होता. मी त्याला म्हटलं, टाटा कर. त्यानं केला नाही.

---

दुसऱ्या दिवशी टोपली रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. आता घेणारं कुणी नव्हतं, तरी रिकामी.

आणि पिसं. आत्या होती तोवर परसू आरशासारखं असायचं. हल्ली हल्ली तर ती अंधारातच उठून खुराड्याभोवती झाडत असे. जिनं कोंबड्यांची सावली अंगावर पडू दिली नाही, ती रोज तिकडं कशाला जाते, असं आई म्हणायची. आईच्या संशयाला पहिलं बीज तिथंच मिळालं होतं. आता झाडणारं कुणी नव्हतं. सकाळी दार उघडलं की तांबडी पिसं, करडी पिसं, वाऱ्यानं गोळा होऊन कुंपणाला अडकलेली. आठवडा गेला नाही तोवर लालीचा गळा उघडा पडला. पाठीवर चट्टे दिसू लागले. शेपूट गळून गेलं. कबरीचंही तेच. दोघी एका कोपऱ्यात अंग चोरून बसायच्या, कुणाला दिसू नये म्हणून बसल्यासारख्या.

"आत्यानं उपटली पिसं," बसू म्हणाला. "जाताना."

"काहीतरी बोलू नकोस," मी म्हटलं.

पण आईनं त्याला गप्प केलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, तिच्याही मनात तसंच काहीतरी येऊन गेलं होतं. काहीतरी खायला घातलं असेल, काहीतरी केलं असेल. माणूस एकदा मनातून उतरलं की कुठवर उतरतं याला ठाव नसतो.

बसूनं खाणं सोडलं. अंडं नव्हतंच, पण भातही नको, दूधही नको. दिवसभर मागच्या पायरीवर बसून लालीकडं बघायचा. "तिला थंडी वाजत असेल," म्हणायचा. एक दिवस त्यानं स्वतःची टोपी काढून तिच्या अंगावर टाकली. ती घाबरून फडफडत पळाली आणि बसू रडायला लागला. त्या संध्याकाळी त्याचा ताप पुन्हा चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाई आली.

भामाबाई पाटकऱ्याची बायको. पाटाच्या कडेला, वसाहतीच्या टोकाला तिचं घर होतं. तिचं आमच्याकडं येणं-जाणं नव्हतं. तिच्या अंगणात दहा-पंधरा कोंबड्या, एक भलामोठा तुरेवाला कोंबडा, असा सगळा बाजार असे, आणि आईला तो वास चालत नसे. ती कुंपणापाशी उभी राहिली, बगलेत एक गाठोडं.

"निलव्वाबाई हायत का?"

"गावी गेल्यात," आई म्हणाली. "काय होतं?"

"ही वाकळ बगा की. मी नसताना माझ्या दारात ठिवून गेल्यात, अर्धीच राह्यली. म्हटलं थंडी पडाय लागली, कवा पुरी हुनार, इचारावं." तिनं गाठोडं सोडलं. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडलेली वाकळ होती. एका बाजूनं बारीक, सरळ, मुंगीच्या रांगेसारखे टाके. ते टाके मी ओळखले. पंधरा-वीस दिवस आत्या दुपारची हीच वाकळ शिवत होती. कुणाची म्हणून आईनं विचारलं होतं तर "आहे एकीची" एवढंच म्हणाली होती.

"तुमची आहे ही?" आई म्हणाली.

"व्हय की. अंड्याच्या बदल्यात शिवत हुत्या. मी म्हटलं बाई, पोरासाटी न्हेताय तर र्‍हाऊ द्या, माझं काय जातंय. तर आयकनात. फुकटचं नको म्हनल्या, शिवून हुईल तेवढ्यापुरतीच न्हेत हुत्या."

आई कुंपणाजवळ आली.

भामाबाईची नजर परसात गेली. "आगं बाई, तुमच्यानी तर सगळीच झाडली की पिसं!" ती हसली. "बिनाकापडाच्याच हिंडाय लागल्यात!"

"काय झालंय त्यांना?" आईचा आवाज मला अनोळखी वाटला. "रोग आलाय का?"

"रोग कसला वो? पिसं टाकल्यात. वरसाला टाकतात. नवी फुटूस्तवर अंडं कुटलं? सगळा जीव पिसात जातो न्हवं का. आता संक्रांतीपत्तर वाट बगा. माझ्यातल्या बी चार टाकाय लागल्यात, पन कोवळ्या तलंगा पिसं टाकत न्हाईत, त्या देत्यात म्हनून निबतंय." मग तिनं आमच्या तोंडांकडं पाहिलं. "तुमाला म्हाईत न्हवतं? निलव्वाबाईला हुतं की. नवरात्रातच आल्या माझ्याकडं. पोराला कळू देऊ नगा म्हनल्या, त्याला लालीचंच पायजे."

आईनं वाकळ हातात घेतली. टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिली.

"भामाबाई," ती म्हणाली, "तुमच्याकडं कोंबडा आहे ना?"

"हाय की. त्यो बगा वरडतोय, सांगाय नको."

---

रविवारी आई आणि मी एसटीनं गेलो. बसूला अण्णांपाशी ठेवलं होतं. आईच्या मांडीवरच्या पिशवीत शेंगाची चटणी होती, कडक भाकरी होत्या आणि एक नवं पांढरं लुगडं. मधूनमधून ती पिशवीत हात घालून सगळं जागेवर आहे ना ते पाहत होती.

मठाच्या मागच्या अंगणात आत्या ज्वारी पाखडत बसली होती. आम्हाला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"बसू कसा आहे?"

आई तिच्या पायांवर वाकली. आत्यानं तिला धरून वर उचललं. "आधी सांग, बसू कसा आहे?"

"ताप आहे. खात नाही."

"पिसं दिसली त्याला?"

आईनं मान हलवली. आत्यानं डोळे मिटून घेतले. "मी गोळा करून खतात पुरत होते गं. पण रोज जास्तच पडायची."

"वन्सं, मला का नाही सांगितलंत? मी काय परकी होते? एका शब्दानं म्हणायचंत, महानंदा, कोंबड्या बंद झाल्यात, मी भामाबाईकडनं आणतेय."

"सांगून काय केलं असतंस?"

"मी आणली असती."

"तेच तर." आत्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आवाज उतरवला. "देवापुढं उभी राहून बोलली होतीस ना? पोराच्या नावावर? मी तोंड दाबलं, पण शब्द निघाला तो निघाला. तू आणलं असतंस तर तुझ्या शब्दाचं ओझं पोरावर. आणलं नसतंस तर पोर उपाशी. शपथ तुझी होती, माझी नव्हती. जे लागेल ते मला लागू दे म्हटलं. मला कुठं पोर आहे?"

आई रडत होती. आवाज न करता, पदर तोंडात धरून. मी याआधी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"मी काय काय बोलले तुम्हाला."

"बोललीस. पोराची आई बोलणारच." आत्यानं सूप पुन्हा जवळ ओढलं. "मुंगूस मात्र नको म्हणायला होतंस."

त्यावर आई रडता रडता हसली आणि आत्याही हसली. मला वाटलं, झालं, आता आम्ही तिघी मिळून एसटीत बसणार.

"चला घरी," आई म्हणाली. "आत्ताच्या गाडीनं."

"आणि बसूला काय सांगशील? चोरणारी आत्या परत का आणली?"

"खरं ते सांगेन."

"म्हणजे लाली देत नव्हती, परक्याकडची खात होतास, हे सांगशील? आणि मग उद्यापासून खाईल तो?" आत्यानं मान हलवली. "वेड्यासारखं करू नकोस. आधी त्याला उठू दे. अंडी भामाबाईकडनंच आणा. तू जाऊ नकोस. हिला पाठव." तिनं माझ्या दंडाला धरलं. "गिरिजानं कुठं शपथ घेतलीय? अंधारात आणून टोपलीत ठेवत जा. बसूला म्हणावं, लाली जुने कपडे टाकून नवे शिवतेय, पण तुझ्यासाठी एक देतेच. जमेल ना?"

मी हो म्हटलं.

"आणि तुम्ही?" आई म्हणाली.

"मी इथं बरी आहे तोवर. पोर बरं झालं की त्याला सगळं सांग. आणि मला न्यायला त्यालाच पाठव. तो आला की मी येते."

"पाठवते," आई म्हणाली. "शपथ घेऊ का?"

"नको बाई," आत्या म्हणाली. "तुझ्या शपथा पुरे."

---

पौष संपेपर्यंत लालीची अंडी मी देत होते.

पहाटे फ्रॉकच्या ओच्यात धरून आणायची, भुशात ठेवायची, हात धुवायचे आणि पुन्हा अंथरुणात शिरायचं. थोड्या वेळानं बसू उठून जायचा आणि ओरडायचा, "दिलं! अक्का, लालीनं दिलं!" हळूहळू लालीच्या अंगावर काटेरी कोंब दिसू लागले, मग त्यातून नवी पिसं उलगडली. पहिल्यापेक्षा गडद, तेल लावल्यासारखी. संक्रांतीनंतर एक दिवस मी अंडं ठेवायला गेले तर टोपलीत आधीच एक होतं. कोमट होतं. मी माझं परत ओच्यात घालून भामाबाईकडं देऊन आले.

वाकळ आईनं पुरी केली. तिला शिवणाचा कंटाळा, टाके मोठे आणि वाकडे पडत, पण ती रात्री जेवणं झाल्यावर बसून राहायची. अर्ध्यापर्यंत आत्याचे टाके, पुढं आईचे. स्वतः भामाबाईच्या घरी जाऊन देऊन आली. तिथं चहाही प्यायली. हातानं जे फेडता येत होतं ते तिनं फेडलं.

पुढच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी बसूची औषधं बंद केली. मी आईला म्हटलं, "आता सांगायचं ना?"

ती भाकरी थापत होती. "आत्ताच कुठं सावरलाय. मनाला लावून घेईल. दिवाळीत सांगू."

दिवाळीत अण्णांची बदली झाली. कोंबड्या भामाबाईला दिल्या आणि आम्ही सोलापूरला आलो. मी पुन्हा विचारलं तेव्हा आई माझ्यावर खेकसली, "तुला काय घाई? मी आहे ना सांगणारी." त्यानंतर मी विचारलं नाही. आई दर वर्षी मठात लुगडं पाठवायची, चटणी पाठवायची, अण्णांबरोबर. स्वतः गेली नाही. बसूला न घेता कशी जाणार? आणि बसूला न्यायचं तर आधी सांगायला हवं. सांगायचं तर पोराच्या तोंडाकडं बघत म्हणावं लागलं असतं, की बाळा, चूक माझी होती. जसजसा तो वाढत गेला तसतसं ते वाक्य अवघड होत गेलं असावं. मी तिच्या जागी नव्हते, त्यामुळं सोपं म्हणता येत नाही. मलाही जीभ होती, ती मीही वापरली नाही.

बसू दहावीत असताना आत्या गेली. अण्णा जाऊन आले. "चल माझ्याबरोबर," ते निघताना बसूला म्हणाले होते. बसू म्हणाला, "मी नाही येत. माझ्या तोंडातलं काढणारी बाई ती."

आई तेव्हा तिथंच उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं. ती आत निघून गेली.

अण्णा परत आल्यावर जेवताना एवढंच म्हणाले, "संध्याकाळची गाडी यायच्या वेळेला अक्का मठाच्या पायरीवर येऊन बसायची म्हणे. रोज. स्वामी सांगत होते. कुणाची वाट बघतेस म्हटलं तर हसायची." ते ताटाकडं बघत बोलत होते. कुणाला काही विचारत नव्हते.

आईनं त्यांना भात वाढला.

---

आईला जाऊन आता महिना होईल. शेवटचे दिवस दवाखान्यात गेले. तिथल्या बाई रोज तिच्या ताटात उकडलेलं अंडं ठेवायच्या, ताकद येईल म्हणून. आमच्या घरात आता सगळेच खातात. आई ते अंडं तळहातावर घ्यायची, थोडा वेळ धरून बसायची आणि परत ठेवून द्यायची. एका दुपारी तिनं तसंच ते धरलेलं असताना माझ्याकडं पाहिलं.

"तू तरी सांगायचं होतंस," ती म्हणाली.

मी ते अंडं तिच्या हातातून काढून घेतलं.

काल आईच्या घरी आवराआवरीला बसू आणि त्याची मुलगी आली होती. बसू आता पन्नाशीला टेकलाय. उंच, भरदार, आमच्या घराण्यात कुणी नव्हतं एवढा. दुपारी भूक लागली म्हणून त्यानं आईच्याच तव्यावर आम्लेट टाकलं आणि मुलगी कांदा नको म्हणून कुरकुरली तशी हसत तिला सांगू लागला. "तुला मिळतंय म्हणून नखरे. मी तुझ्याएवढा असताना माझी अंडी पळवायची आमची एक आत्या. महा धार्मिक! रोज पूजा करायची आणि पहाटे उठून पोराचं अंडं चोरायची. जाता जाता माझ्या लालीची पिसंसुद्धा उपटून गेली. विचार अक्काला."

मुलगी माझ्याकडं बघून हसली. "खरंच, आत्या?"

त्या हाकेसरशी मी हातातली बशी ओट्यावर ठेवली.

"बसू," मी म्हटलं, "त्या वर्षी नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत लालीनं एकही अंडं दिलं नव्हतं."

तो हसतच वळला. हातात उलथणं.

"काहीतरीच काय अक्का? मग मी रोज खात होतो ते कुणाचं?"